पुढच्या दाराची किल्ली

माणसांत राहणाऱ्याचे किस्से साठत नाहीत. सकाळी घडलं, दुपारी ओट्यावर सांगितलं, संपलं. एकट्या माणसाचे मात्र साठतात. हॉलंडमधल्या न्यूनेन गावाबाहेर शेतातल्या घरात दिवसभर सांगायला कोणी नसतं, म्हणून माझे तीन वर्षांचे तसेच राहिलेत, गोधडीसाठी चिंध्या ठेवाव्यात तसे. शाळा मी बाहेरूनच पाहिली. बोलणं माझं आहे, लिहून काढलंय सुनेनं.

तर एक होतं लांबच लांब घर. त्या घरात राहायचा एक मुलगा निखिल, एक सून केतकी, एक नात ईरा, आणि वर्षातले व्हिसाचे तीन महिने त्यांची म्हातारी, म्हणजे मी. आणि वाटेच्या तोंडाशी, एका जुन्या इस्टेटीच्या फाटकावर राखणदारासाठी बांधलेलं एक छोटं घर होतं. तिथं राहायची एक तोसबाई. वय पंच्याऐंशीच्या पुढं. इस्टेटीची हवेली केव्हाच ऑफिसांना गेली. उरली ती ही फाटकावरची चौकी आणि आमचं शेतघर. दोन्ही तोसबाईची. आम्ही भाडेकरू.

*

पहिल्या वर्षी मी आले तेव्हा निखिलनं मला हौसेनं घर दाखवलं. विटांचं, वर शाकारलेलं, दोनशे वर्षांचं. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला भला मोठा हॉल. हॉलच्या भिंतीत लोखंडी कड्या होत्या आणि जमिनीला एका बाजूला उतार होता.

मी उतार पाहिला, कड्या पाहिल्या, आणि म्हटलं, "निखिल, हा गोठा आहे."

"होता, आई. आता लिव्हिंग रूम आहे. हेरिटेज आहे हे."

"मूत वाहायचा उतार तसाच ठेवलाय तो?"

"बदलायला परवानगी नाही. खिडकीचा रंगसुद्धा नगरपालिकेला विचारून द्यावा लागतो."

मी सोफ्यावर बसले. चाळीस वर्षं शेण काढलं ते पोरगं गोठ्यातून बाहेर पडावं म्हणून. पोरगं शिकलं, इंजिनियर झालं, आइंडहोवनला चिपांची मशिनं करायला लागलं, आणि सात समुद्र ओलांडून गोठ्यातच येऊन राहिलं. वर म्हणतं कसं, "असं घर मिळायला नशीब लागतं, आई."

*

सगळे सकाळी सायकली काढून जायचे. मग घर एवढं गप्प व्हायचं की फ्रिज बोलायला लागायचा.

घराला रस्त्याच्या अंगाला एक मोठं दार होतं, हिरवं, दोन फळ्यांचं. कोणी वापरत नसे. त्याची लोखंडी किल्ली तोसबाईकडे होती, पण कुलूप लावलेलं नव्हतं, आतून नुसती कडी होती. मी म्हटलं, पुढचं दार बंद ठेवून बसलं तर माणसं येतील कुठून? कडी काढली. फळ्या उघडल्या. उंबऱ्याबाहेर रांगोळी काढली, वर प्लॅस्टिकचं तोरण लावलं, आणि खुर्ची टाकून बसले.

पहिल्या दिवशी सतरा सायकली गेल्या. दुसऱ्या दिवशी चौदा. माणसं माझ्याकडे बघत, मान खाली घालत, आणि हळू जात. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर टोपी काढली. मला वाटलं, काय संस्कार आहेत इथल्या लोकांवर.

शनिवारी आम्ही जेवायला बसलो होतो, दारातली खुर्ची रिकामी. मागच्या दारानं तोसबाई आली, बरोबर दोन शेजारी. अंगावर काळे कोट. तोसबाईच्या हातात सुपाचं भांडं. तिघांनीही निखिलचा हात हातात घेतला आणि काहीतरी हळू बोलले. निखिलचं तोंड बघण्यासारखं झालं.

मी ईराला विचारलं, "काय गं म्हणतायत?"

"आजी, दे थिंक यू डाइड."

मी भाताचा घास हातात घेऊन बसलेली.

मग उलगडा झाला. इथल्या जुन्या शेतघरांत रोजची माणसं मागच्या दारानं येतात. मागून यायचं, हाक मारायची, आत शिरायचं. पुढचं दार फक्त दोघांसाठी उघडतात. लग्न होऊन आत येणाऱ्या नवरीसाठी आणि बाहेर जाणाऱ्या मढ्यासाठी. चार दिवस दार सताड उघडं, बाहेर पांढरं काहीतरी काढलेलं, आणि दारात म्हातारी पांढऱ्या पातळात बसलेली. ते तरी काय समजणार? मी गेले की मी कोणासाठी तरी बसलेय, एवढाच त्यांचा घोळ होता.

तोसबाईनं ईराकरवी मला सांगितलं, "घर माझ्या बापाचं, तरी चर्चमधून नवरी होऊन या दारानं मी एकदा आत आले. माझा नवरा एकदा बाहेर गेला. आता उघडेल ते माझ्यासाठी. आडवी जाईन."

सूप गरम होतं, भाज्यांचंच होतं. आम्ही सगळ्यांनी प्यायलं. स्वतःच्या दिवसांचं जेवण स्वतः जेवून बरं होतं म्हणणारी मीच पहिली असेन.

पण ते गेल्यावर निखिलनं भांडी गोळा केली. मग म्हणाला, "आई, तुला सांगितलं नव्हतं. तोसबाई हे घर विकणार आहे. मी मागितलंय. तिच्या पुतण्यालाही हवंय, लग्नाचा हॉल करायला. ती म्हणते, कागद वकील करील, पण किल्ली मी माझ्या हातानं देईन. ज्याला किल्ली, त्याचं घर."

"मग?"

"मग काय. आज ती सांत्वनाला आली."

त्या दिवशी मी रांगोळी पुसून टाकली. फळ्या लावून घेतल्या. खुर्ची मात्र त्या दाराशेजारच्या खिडकीत ठेवली.

*

तोसबाईला मराठी येत नाही, मला डच येत नाही. त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

चहा हा एक शब्द तिनं माझ्याकडून उचलला. तोही तीनदा चाखून, चौथ्यांदा आलं कमी घातल्यावर.

*

दुसऱ्या वर्षी पुतण्या मोजपट्टी घेऊन आला. चांगला उंच, हसरा माणूस, पण खोलीत शिरला की खोलीकडे न बघता भिंतींकडे बघायचा. पाठोपाठ तोसबाई, काठी टेकत. निखिल ऑफिसात. घरात मी आणि केतकी.

त्यानं गोठा मोजला. टेबलं किती मावतील ते केतकीलाच विचारलं. केतकी म्हणाली, "मला काय माहीत, मी इथे राहते." मला पोरीचं कौतुक वाटलं.

मग तो आतल्या खोलीत गेला. तिथं भिंतीतच एक कपाट आहे, माणूसभर लांब, लाकडी दारांचं. पूर्वी थंडीत माणसं त्यात झोपायची. आत गादी घालायची, दारं लावून घ्यायची. मी पहिल्याच वर्षी त्यात देव मांडले होते. उबदार जागा, वारा नाही, समई विझत नाही. दुपारी देवांना विश्रांती म्हणून दारं लोटून घ्यायची.

दुपारचीच वेळ होती. पुतण्यानं खाडकन दारं उघडली. आत बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, आणि आमच्या ह्यांचा फोटो. पुतण्या हसला. काहीतरी म्हणाला.

तोसबाई पुढं झाली. बराच वेळ बघत राहिली. मग केतकीला काहीतरी म्हणाली आणि केतकीचे डोळे भरले.

"आई, त्या म्हणतायत, त्यांचा जन्म इथं झाला. या कपाटात."

मी खुणेनं सांगितलं, देव झोपलेत. गालाखाली हात, डोळे मिटून. तोसबाईला बरोबर कळलं. तिनं दोन्ही दारं आवाज न करता लोटली आणि पुतण्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

उरलेलं घर त्यानं चवड्यांवर चालून मोजलं.

*

त्याच वर्षी छप्पर शाकारायला एक माणूस आला. पाणथळीतल्या बोरूच्या पेंढ्यांचा ढीग अंगणात पडला. त्याचा जोडीदार कंबर धरून घरी बसला होता, म्हणून हा एकटाच शिडीवरून खाली-वर करत होता.

मी खालून बघत होते. आमच्याकडे उसाच्या पाचटानं शाकारतात. जाड बूड वर, शेंडा खाली. हा उलटं लावत होता. मी बोटांनी दाखवत ओरडले, "अहो, उलटं लावताय."

तो खाली उतरला. माझी बोटं बघितली, पेंढी बघितली, मग झारी घेऊन वर गेला आणि छपरावर ओतली. पाणी थेंबही न मुरता खाली आलं. मी मान्य केलं. पाचट वेगळं, बोरू वेगळा.

पण पेंढी वर द्यायची तर आधी जमिनीवर ठोकून बूड सारखं करावं लागतं, ते दोन्हीकडे एकच. मी ठोकायची, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढून द्यायची, तो घ्यायचा. दुपारी त्यानं आपल्या डब्यातली अर्धी पाव-चीजची सुरळी दिली, मी लोणच्याची फोड दिली. त्याला घाम फुटला, पण त्यानं परत मागितली. संध्याकाळपर्यंत आम्ही छपराची एक बाजू उरकली. वाटेवर तोसबाई काठीवर हनुवटी ठेवून कधीची उभी होती.

केतकी सायकलवरून उतरली ती मला शिडीवर बघूनच.

शाकारणारा तिला म्हणाला, "उद्या येतील का त्या?"

केतकी मला म्हणाली, "आई, तुम्ही व्हिजिट व्हिसावर आहात. तुम्हाला काम करायला परवानगी नाही."

मी म्हटलं, "काम कुठं करतेय? बसलेय त्याच्याशी बोलत."

*

माझ्या खिडकीतून तोसबाईची खिडकी दिसायची. सकाळी तिचा पडदा वर गेला की मी समजायची, बाई उठली. ती माझी खुर्ची बघायची. दिवसभरात तेवढीच भेट.

एकदा मला ताप आला. खुर्ची रिकामी. दहाच्या सुमारास मागच्या दारानं तोसबाई आली, लाकडी बूट बाहेर काढून, थेट माझ्या पलंगापाशी. कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे बोट दाखवलं, पुढच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि नाही म्हणून जोरात मान हलवली.

मी म्हटलं, "नाही गं बाई, एवढ्यात नाही."

संध्याकाळपर्यंत ती तिथंच विणत बसली.

*

यंदा आले तेव्हा घरात खोकी होती. तोसबाईकडून वर्षभर ना होकार, ना नकार. पुतण्याची गाडी दर रविवारी तिच्या दारात. निखिल आइंडहोवनला फ्लॅट बघून आला होता. सहावा मजला, लिफ्ट, शेजारी सगळे आपलेच.

"तुला सोबत होईल, आई," निखिल म्हणाला. पण आवाज कोरडा होता.

ईरा कपाटातल्या देवांसमोर बसून होती. "आजी, फ्लॅटमध्ये देव कुठे झोपणार?" असं चक्क मराठीत म्हणाली. निखिल खोक्याला चिकटपट्टी लावायला गेला.

मी आपली खुर्ची मागच्या दारात नेली. तीन वर्षांनी एवढी अक्कल आली होती की माणूस आलं तर मागूनच येईल. पण तिथून तोसबाईची खिडकी दिसत नाही. आठ दिवस मी तिचा पडदा बघितला नाही.

माझ्या परत गावी जाण्याच्या आदल्या दिवशीची दुपार. सगळे कामावर. मी मागच्या दारात मेथी निवडत बसले होते. घरात घंटी वाजली. फोन बघितला, नाही. ओव्हन बघितला, नाही. पुन्हा वाजली, आणि मग लक्षात आलं. ही पुढच्या दाराची घंटी. तीन वर्षांत ती कधी वाजलीच नव्हती.

 त्या दारानं कोण बाहेर जातं ते मला माहीत होतं. पडदा शेवटचा कधी बघितला, तेच आठवेना. मेथीचे हात तसेच घेऊन गेले. कडी निघता निघेना.

दार उघडलं. बाहेर तोसबाई. आपल्या दोन पायांवर उभी. डोक्यावर चर्चची टोपी, पायात पॉलिश केलेले बूट, हातात वीतभर लांबीची लोखंडी किल्ली, लाल फीत बांधलेली.

मी "ये, ये" म्हटलं. ती हलेना. काठीनं उंबऱ्याबाहेरची मोकळी फरशी दाखवली. एकदा, दोनदा.

मला कळायला वेळ लागला. मग आत गेले, रांगोळीचा डबा काढला, गुडघे धरत खाली बसले, आणि जमेल तशी चार ठिपक्यांची काढली. ती उभी राहून बघत होती. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. त्यानं टोपी काढली. तोसबाईनं त्याला काठी उगारून काहीतरी ऐकवलं.

रांगोळी झाली तशी तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्यानं काठी सावरली, आणि रांगोळी न मोडता पाऊल उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं. माझ्या मेथीच्या हातात किल्ली दिली आणि वरून मूठ मिटवली.

मग गोठ्यातून, कपाटावरून, अख्ख्या घरातून सरळ चालत मागच्या दाराशी गेली, माझ्या खुर्चीत बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि म्हणाली, "चहा."