पूर्वी काही नव्हते

घाटकोपरची टेकडी सोडली त्या सकाळी टेम्पोत आमच्या शेगडीआधी, आई वस्तीतल्या बायकांसोबत पोरांसाठी चालवायची त्या अभ्यासिकेचा फळा चढला. आई खालून ओरडत होती, "भांडी मागनं येतील, फळा नीट धरा." वस्ती पाडण्याआधीच्या सर्वेक्षणात आम्ही पात्र ठरलो, म्हणून आम्हाला माहुलला घर. तुम्ही शेजारणी अपात्र, म्हणून तुम्ही तिथेच, पाडलेल्या भिंतींवर ताडपत्री टाकून. वर्षानुवर्षं एकाच नळावर भांडणारी माणसं एका यादीने दोन केली. तेव्हा तुमचा नीट निरोपही घेतला नाही. आज लिहितेय, कारण त्याहून मोठी चूक मी नंतर केली.

माहुलला भिंती पक्क्या आहेत. खिडकी उघडली की रिफायनरीचा वास येतो, डोळे चुरचुरतात, पोरं खोकतात. लावली की कोंडतं. याला पुनर्वसन म्हणतात. पहिल्याच आठवड्यात आईने जिन्यात फळा टेकवला. पोरं पायऱ्यांवर बसायची. वरून कोणी उतरलं की वह्या मांडीवर घेऊन सरकायची. बाबा टेकडीवर असल्यापासून पत्रकं लिहायचे, स्वतःच वाटायचे. मला एकच सांगायचे, "वाक्यात कर्ता लिही. घर पडलं नाही, कोणीतरी पाडलं."

पुढे मला अंधेरीतल्या एका संस्थेत नोकरी लागली. वंचित मुलांसाठी काम. तिथे नवी भाषा शिकले: लाभार्थी, इम्पॅक्ट, केस स्टोरी. आमच्या अभ्यासिकेला संस्थेकडून खोली मिळावी म्हणून मीच फॉर्म भरला. पहिला रकाना 'पूर्वीची परिस्थिती'. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "फरक ठळक दिसला पाहिजे गं." मी लिहिलं, 'पूर्वी आमच्यासाठी काही नव्हते.' वाक्यात ना आई, ना जिना. खोली मंजूर.

उद्घाटनाला देणगीदार आले. सातवीतल्या सानिकाच्या हातात मॅडमनी माझाच कागद वाचायला दिला.

"पूर्वी आमच्यासाठी काही..." ती अडखळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हे चुकलंय ना? जिन्यात मावशी शिकवायच्या की."

"वाच गं बाळा, वाच," मॅडम हसत म्हणाल्या.

मागून आईचा आवाज आला, "मग मी काय जिन्यात भाजी विकत होते?"

सगळी बिल्डिंग हसली. मला हसू येईना. टेकडीवरची आमची घरं ज्यांनी पाडली त्यांच्या कागदावरही हेच होतं: तिथे काही नव्हतं. घर पाडायला येणारा आणि मदत वाढायला येणारा, दोघांनाही आम्ही रिकामेच हवे असतो. आणि या वेळी ते मी लिहून दिलं होतं, माझ्या सहीने.

मी माइक घेतला आणि सांगितलं, हे वाक्य खोटं आहे, ते मी लिहिलंय. नंतर मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं, "तुला खोली पाहिजे की भाषण करायचंय?"

दोन्ही पाहिजे. का नको? मुलांना बसायला जागा हवी, तर त्यांच्या आईबापांना आधी शून्य का व्हावं लागतं?

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म दुरुस्त करून पाठवला. पहिल्या रकान्यात आईचं नाव लिहिलं, आणि टेकडीवर शिकवणाऱ्या तुमच्यातल्या प्रत्येकीचं. रकाना पुरला नाही, मागच्या पानावर गेले. खोलीचं काय होईल ठाऊक नाही. नोकरीचंही नाही.

घर कुठे, असं कोणी विचारलं की आधी मी टेकडी म्हणायचे, मग नाइलाजाने माहुल. आता सांगते: आपल्याबद्दलचं खोटं वाचायला दिलं, तर जिथली सातवीतली पोरगी मध्येच थांबते, तिथे.