माघारी धाडलेलं पाणी

भजनाला आलेली माणसं अजून विचारतात, ‘ते उन्हातल्या देवाचं पद तुम्हाला सुचलं कसं?’ मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतो. खरं सांगायचं तर त्याच्या आधी मी दुसरं एक पद रचलं होतं, आणि त्याच्या नादात माझी आई गेली. देव आहे की नाही, ही शंका मला कधी आली नाही. तो आमच्याकडे बघतो का, ही मात्र त्या वर्षी रोज यायची.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, कोरड्या अंगाचं. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. शेतात काही उरलं नव्हतं, म्हणून सगळं गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. माझे वडील मी लहान असतानाच वारलेले, घरात मी आणि आई दोघंच. आईच्या शेजारी बौद्धवस्तीतली गिरजाबाई बसायची. दोघी दिवसभर एकाच ढिगाची खडी फोडायच्या, एकमेकींच्या हाताला चिंध्या बांधायच्या. पण भाकरीची वेळ झाली की आई चार हात दूर सरकायची. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं आणि मलाही वाटत नव्हतं.

मी वीस वर्षांचा, भजनी मंडळात नुकताच मिरवायला लागलेलो. गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याला मातीचा बांध घालायचा आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो, अशी आमच्याकडची समजूत. घरटी एक हंडा पाणी द्यायचं होतं. वस्तीतल्या लोकांकडे कुणी मागितलं नाही, त्यांचं पाणी देवाला चालत नव्हतं. आमच्या बुवांनी मला सांगितलं, ‘नवं पद तू रच.’ मग काय, आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या सोमवारी पहाटेपासून आईला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. घरात एकच हंडा भरलेला होता. दुपारी टँकर येणार होता, म्हणून मी मनाशी हिशेब केला की तेवढा वेळ निघेल. आईच्या उशाशी तांब्याभर पाणी ठेवलं आणि हंडा खांद्यावर घेतला. ती म्हणाली, ‘लवकर ये रं.’ मी म्हणालो, ‘एक पद म्हणतो अन् आलोच.’

पद रंगलं. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं, मग तिसऱ्यांदाही. मलाही उठवत नव्हतं, हे आज कबूल करतो. घरी आलो तेव्हा तांब्या लवंडलेला होता आणि आईचे डोळे खोल गेले होते. तिची जीभ लाकडासारखी झाली होती. मी घरोघर धावलो. सगळ्यांचे हंडे पालथे, सगळं पाणी देवापाशी, आणि टँकरचा पत्ता नाही. शेवटी देवळात जाऊन गाभाऱ्यातलं तांब्याभर पाणी मागितलं. बुवा वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो म्हणाला, ‘देवाला वाहिलेलं काढता येत न्हाई, लेकरा. समद्या गावाचा पाऊस जाईल.’ मी ते ऐकलं. बांध मातीचाच होता, लाथ मारली असती तर फुटला असता. मी मारली नाही. हात हलवत घरी आलो आणि दारात बसून राहिलो. त्या वेळी देवाला मी काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात गिरजाबाई आली. देव कोंडायचा म्हणून गावानं काम बंद ठेवलं होतं, वस्तीतली माणसं मात्र कामावर गेली होती. आई दिसली नाही म्हणून ती दुपारच्या सुट्टीत मैलभर उन्हातून चालत आली होती. डोक्यावर तिची कळशी होती, ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून वाटी-वाटीनं भरलेली. उंबऱ्याबाहेरूनच तिनं विचारलं, ‘वैनी, माझं पानी चालंल का?’

आईनं मान हलवली. गिरजाबाई आत आली, आईचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्यात गूळ आणि मीठ कालवून चमच्यानं पाजत राहिली. आईच्या डोळ्यांत ओळख परत आली. माझ्याही घशाला सकाळपासून कोरड पडली होती. गिरजाबाईनं कळशी माझ्याकडे सरकवली, ‘दादा, तुमी बी घ्या.’ माझा हात पुढे झाला नाही. आई मरत होती आणि मी जात सांभाळत होतो.

संध्याकाळी बैलगाडीतून शेवगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाटली लावली, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी आई गेली. जाण्याआधी ती शुद्धीवर होती. मी पायांवर डोकं ठेवून रडत होतो, तेव्हा म्हणाली, ‘उगी. तू पानी देवाला नेलंस, त्यानं गिरजीच्या हाती माघारी धाडलं. म्या तान्हेली न्हाई जात.’

हा चमत्कार म्हणायचा की नाही, मला ठाऊक नाही. आई वाचली नाही, पाऊसही लगेच आला नाही, गाभाऱ्यातलं पाणी शेवाळून नासलं. पण सुतकाच्या दिवसांत भिंतीला टेकून बसलो असताना त्या ओळी आल्या:

*आम्ही तुला कोंडिले पाण्यात,*
*तू उभा होतास उन्हात.*

दहावा झाल्यावर मी भर दुपारी वस्तीत गेलो. गिरजाबाई दारात रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी निवडत होती. तिच्यासमोर जमिनीवर बसून मी ते पद म्हटलं. टाळ नाही, मृदंग नाही, आवाजही धड लागत नव्हता. ती निवडायचं थांबली नाही. पद संपल्यावर म्हणाली, ‘बरं हाय. पन वैनीनं ऐकाया पायजे हुतं.’

मग उठून आत गेली आणि तांब्या घेऊन आली. पुढे करावा की नाही, असा विचार करत क्षणभर थांबली. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून हात जोडायचे, एवढंच मला तोवर माहीत होतं. मी हात पुढे केला. तिनं दिलेलं पाणी तिच्या दारात बसून प्यालो, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या मनाला जरा थंडावा मिळाला.