उंदीरकान्या माहेरवाशिणी

माणूस तोंडावळ्यावरून ओळखतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या व्याह्यांना एकदा भेटावं. ते फक्त कान बघतात. मुलाच्या लग्नाच्या बैठकीत मानपानाचं बोलणं ऐन रंगात आलं असताना त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "इवाई, तुमचे कान उंदीरकानीसारखे हायेत." इवाई म्हणजे व्याही, हे लगेच कळलं; पण उंदीरकानी ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी रुसून होतो.

उंदीरकानी म्हणजे उंदरासारख्या कानांचं लहानसं वटवाघूळ. यांच्या कितीतरी जाती जगभर पसरल्यात, कोणी गुहेत राहतं, कोणी पुलाखाली, हे व्याही अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, भाऊबंदकी सांगताहेत. उंद्रीच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. तिथे या उंदीरकान्या देवळाच्या छतातल्या भेगेत राहतात आणि दिवेलागणीला तळ्यावर उतरून पायांनी पाण्यावरचे किडे उचलतात. त्या वेळी व्याही काठावर खुर्ची टाकून त्यांची हजेरी घेतात. पाहुणा आला तर त्यालाही खुर्ची मिळते. चहा हजेरीनंतर.

यंदा देवळाला रंग द्यायचं आणि भेग सिमेंटने बुजवायचं ठरलं. आत पिल्लं होती. व्याह्यांनी पंचांना लेखी अर्ज दिला, 'देवळात उंदीरकान्या आहेत, तरी योग्य ती काळजी घ्यावी.' पंचांनी तत्परतेने उंदरांच्या औषधाच्या सहा पुड्या आणल्या.

मग व्याही स्वतः बैठकीत उभे राहिले. सगळा जन्म मास्तरकीत गेल्यामुळे माहिती कुठे थांबवावी हे त्यांना कळतं. म्हणाले, "त्या भेगीत साऱ्या बाया हायेत, बाळंतपणाले आलेल्या. एकेकीले एकच लेकरू. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीले कोनी घराबाहेर काढते काय?"

मुख्य पंचांनी टोपी सारखी केली. "हे आधी काऊन नाही सांगितलं, गुरुजी?"

सिमेंटची पोती ओट्यावर पडून राहिली. एका म्हातारीने भेगेखाली डिंकाचा लाडूही ठेवला.

मुदत सरली त्या संध्याकाळी मी मलकापूरहून गेलो होतो. एकेक पिल्लू आईमागे तळ्यावर उतरलं. "उडाले," व्याही म्हणाले. "माहेरपन झालं त्यांचं."

मला एकदम लाज वाटली. माझी सून ही त्यांची एकुलती लेक. तिचं बाळंतपण आम्ही आमच्याकडेच केलं होतं. 'तुमच्या घरात बाई नाही' हे मीच त्यांना ऐकवलं होतं. ते बारशाला पाहुण्यासारखे आले आणि जेवून परत गेले.

मी तिथूनच घरी फोन लावला. सूनबाईला म्हटलं, बाळाला घेऊन उद्याच्या एस.टी.ने इकडे ये. किती दिवसांसाठी, तिने विचारलं. सव्वा महिना, मी म्हणालो.

व्याही तळ्याकडेच बघत होते. हजेरीत चूक सापडल्यासारखं हळूच म्हणाले, "इवाई, लेकराचे कान कोनावर गेले हो? बारशाच्या दिवशी टोपडं होतं. मले दिसलेच नाहीत."