सुतीकाकांची चिमटी

सुतीकाका डोळे मिटून कापड चिमटीत धरायचे आणि सांगायचे, ‘‘चार आणे पॉलिस्टर हाय ह्यात.’’ गुलमंडीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांचा लेबलापेक्षा या चिमटीवर भरवसा होता. माझ्यावर कोणाचाच नव्हता. कन्नड गावाहून नोकरीला आलो त्याच आठवड्यात मी एका गुरुजींना निव्वळ सुती म्हणून दिलेलं शर्टपीस इस्त्रीला चिकटलं. काकांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. ‘‘तू घड्या घाल. फाडलेलं कापड परत जुळत नाय, लेका.’’

मग काकांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. सुपारीचंही खांड न खाणाऱ्या माणसाला! उपचार म्हणजे रोज सकाळी एक गोळी. आम्हाला वाटलं, स्वस्तात सुटलो. पंधरा दिवसांत साठीतल्या काकांच्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या. ‘‘जवानी परत आली बघ,’’ ते म्हणाले.

तेव्हा मी डॉक्टर झालो. मुरमांचं मलम आणून मोठ्या मायेनं त्यांना लावायला दिलं. तीन दिवसांत चेहरा सोलून निघाला. दवाखान्यात नेलं, तर काकांच्या डॉक्टरीणबाई संतापल्या. हा गोळीचा परिणाम, कातडी आधीच कोरडी, त्यावर हे मलम दिलं कोणी? मी छताकडे बघत होतो. काका म्हणाले, ‘‘हाय एक तज्ज्ञ. घड्या घालतो.’’

चेहरा निवला, पण ऐन लग्नसराईत नखांच्या कडा सुजल्या, बोटांची टोकं चिरली. बाईंनी औषधं दिली, गोळी थोडी कमी ताकदीची केली. चिरा भरायच्या, पुन्हा उकलायच्या. साडीचा धागा चिरेत अडकला की काका ओठ दाबायचे. शेवटी मलम लावून हातमोजे घालू लागले. एका दुपारी त्यांना साधा मांजरपाट ओळखता येईना. मला राहवलं नाही. ‘‘काका, लग्नसराईपुरती गोळी बंद ठेवा की.’’

‘‘तुला पॉलिस्टर कळंना, अन् गोळीचं कळतंय व्हय?’’ मग त्यांनी माझा पंजा उलटासुलटा करून बघितला. ‘‘गोळी बंद व्हायची नाय. बोटं तुझी हायेत की.’’

त्या दिवसापासून माझी शाळा भरली. डोळे मिटायचे, चिमटी धरायची, काय लागतंय ते बोलायचं. ‘मऊ लागतंय’ म्हटलं की खेकसायचे, ‘‘मऊ तर शिरा बी असतो. कापडाचं सांग!’’ गोळीपायी होणाऱ्या जुलाबानं बेजार असले तरी मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली शेजारी ठेवून शिकवायचे. दोन वर्षांत स्वतःहून एकही गोळी त्यांनी चुकवली नाही. माझा धडाही नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीला ते इस्त्रीला चिकटलेल्या शर्टपीसवाले गुरुजी आले. काकांनी कापडाचा ताका माझ्याकडे सरकवला. मी डोळे मिटले. ‘‘निव्वळ सुती.’’

‘‘पक्कं?’’

‘‘पक्कं.’’

काकांनी लेबल बघितलं नाही, हातमोजाही काढला नाही. कात्री पुढे केली. ‘‘मग फाड.’’

गुरुजींचा चेहरा पडला. मी फाडलं.

काका फाल्गुनात गेले. कात्री आता माझ्याकडेच असते. कापड फाडण्याआधी मी क्षणभर थांबतो, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस मुरलेला दिसतोय. मी मात्र कुणीतरी ‘पक्कं?’ म्हणायची वाट बघत असतो.