पंगतीचा हंडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, तेही नीट कळत नाही. पण एक करा — सांगता सांगता मी स्वतःला बरा दाखवू लागलो, तर माझ्यावर संशय घ्या. मला ती सवय आहे.

मानमोडीच्या तापाचं साल आठवतं ना? बऱ्हाणपुरात तेव्हा कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. शेजारी खोकला की लोक दार लावत. औषध पिण्याआधी ते देणाऱ्याचं तोंड बघत. मी बुधवाऱ्यातल्या शाळेत नवा मास्तर होतो. शाळा बंद, म्हणून मदत कमिटीने मला कामाला लावलं. सिंधीपुऱ्यातल्या बायका मलमलीच्या चौपदरी तोंडपट्ट्या शिवून देत. त्या दवाखान्यातल्या माणसांना, गोरगरिबांना आणि प्रेतं उचलणाऱ्या झाडूवाल्या बायांना वाटायच्या. रोज सकाळी वापरलेली परत घ्यायची, उकळलेली द्यायची.

"उकळणं चुकवू नका, मास्तर," डॉक्टरांनी बजावलं होतं. "नाहीतर ती पट्टी नाही, रोगाची पुरचुंडी आहे."

आधी कोणी घेईना. जानकी ही झाडूवाल्या बायांची म्होरकी — तोंडाळ, हसरी. ती म्हणाली, "मास्तरसाब, खळ्यावर बैलाला मुसकी बांधतात, तशी ही आम्हाला का? मुडदे का खाणार आहोत आम्ही?" बाया खिदळल्या. मी समजावलं. मग तिने बांधली, आणि तिने बांधली म्हणून मागच्या सगळ्यांनी बांधली. हे लक्षात ठेवा.

उकळायला भांडं हवं होतं. आमच्या जातीच्या पंगतीचा तांब्याचा हंडा मी पंचांकडून मागून आणला. पंच म्हणाले, "न्या. पण त्यात कोणाकोणाचं पडतंय ते बघा, मास्तर. दिवाळीनंतर लग्नं आहेत."

दवाखान्यातल्यांच्या पट्ट्या मी त्यात उकळल्या. आमच्या आळीतल्याही उकळल्या. आणि झाडूवाल्या बायांच्या?

त्या हंड्यात नको, तर त्यांच्यासाठी घासलेटचा रिकामा डबा मिळाला नसता का? शाळेच्या पडवीत एक पडलेलाच होता. मग पंचांना घाबरलो म्हणू? तसं म्हणणं सोयीचं आहे. खरं असं, की त्या पट्ट्यांना मला हातच लावायचा नव्हता. काठीने उचलून मी त्या दोरीवर टाकायचो. ऊन लागलं की झालं — असं मनाशी म्हणायचो. आणि दुसऱ्या सकाळी त्याच वाटायचो. उकळलेल्या म्हणून.

एका सकाळी जानकीच्या ओंजळीत मी वरून पट्टी टाकली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली. एका बाजूची नाडी तुटली होती. तिच्या जागी हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी शिवलेली होती.

"ही रुक्माची हाय," ती म्हणाली. रुक्मा तिच्याच टोळीतली, आदल्या दिवशी तापाने गेलेली. जानकीने पट्टी नाकाशी नेली. "अजून तिच्या मिश्रीचा वास मारते, मास्तरसाब. उकळली का खरंच?"

एक शब्द पुरला असता. नाही — एवढाच. त्याऐवजी मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "नवी पाहिजे असेल तुला, बाजारात विकायला! तुम्हा लोकांचं मला ठाऊक आहे. बांधायची तर बांध, नाहीतर कामावरून नाव कापतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण काम सुटलं तर चूल बंद, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिने ती बांधली. आणि तिने बांधली म्हणून मागच्या सगळ्यांनी बांधली.

थोड्याच दिवसांत जानकी गेली. रुक्माच्या पट्टीनेच, असं कसं सांगू? ती रोज प्रेतं उचलत होती... हे वाक्य मी स्वतःला वर्षानुवर्षं ऐकवत आलो आहे. म्हणून त्याच्यावरही संशय घ्या.

आणि हे इथे संपत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "झाडूवाल्याच इतक्या कशा पडतायत? उकळताय ना?"

"उकळतो तर! पण त्या बांधतच नाहीत, साहेब," मी म्हणालो. "विकून टाकतात."

हे मी बोललो. जानकीला जाऊन दोन दिवसही झाले नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली, आणि झाडूवाल्या बायांना पट्ट्या देणं बंद झालं. त्यानंतर दातांत पदर धरून, प्रेतं घेऊन तापीकडे जाणाऱ्या बाया मी शाळेच्या खिडकीतून बघत असे. बघत असे आणि खिडकी लावून घेत असे.

मास्तरांनी तशा दिवसांतही हंड्याला विटाळ होऊ दिला नाही, असं पंच अजून कौतुकाने सांगतात. गेल्या वैशाखात माझ्या मुलीच्या लग्नाचा भात त्यातच शिजला. पंगती उठल्यावर जानकीचा मुलगा उष्ट्या पत्रावळी उचलायला आला. आता चांगला बाप्या झाला आहे. म्हणाला, "मास्तरसाब, माई तुमचं नाव घ्यायची. तुम्ही पट्ट्या वाटायचात ना?"

"हो," मी म्हणालो.

त्याने ओंजळ पुढे केली. मी भात घातला — वरूनच.