जेलची पट्टी

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी इंझोरी सोडली. जवळ अडीच रुपये होते. बैलगाडीपाशी आई आणि थोरला भाऊ, दोघेच आले. तुरुंगातून सुटून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

बांधावरच्या मारामारीत मला दोन वर्षांची सजा झाली. अकोल्याच्या तुरुंगात सतरंजी विणायला शिकवलं. "बाहेर जाऊन पोट भरशील," असं शिकवणारा म्हणायचा, आणि ते मला पटलं होतं. घरी आल्यावर गोठ्यात माग मांडला. पहिली सतरंजी मधल्या बहिणीच्या लग्नासाठी विणली, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. हाताला दुसरी वीण येतच नव्हती.

नवरदेवाचे काका मंगरूळपीरच्या कचेरीत कामाला होते. तिथे तुरुंगातल्याच सतरंज्या अंथरलेल्या असत. मांडवात ते माझ्या सतरंजीच्या काठाशीच थांबले.

"बसा ना पाव्हणे, उभे काहून राह्यले?" भाऊ म्हणाला.

"ही तं जेलची पट्टी हाय. बसलो अन् शिपायानं उठूच देलं नाई तं?"

मांडव हसला. भावाने सतरंजी गुंडाळली आणि शेजारून ताडपत्री आणली. लग्न लागलं.

पुढे मी पट्टे बदलले, रंग बदलले. गिऱ्हाईक सतरंजी उलटी करून पाहायचं आणि ठेवून द्यायचं. मग धाकटीला पाहायला येणारी दोन घरं आलीच नाहीत. आई म्हणाली, "बापू, तुह्या हातात वाईट काई नाई. पन तू घरी राह्यला तं धाकटीले कोन पाहाले येईन?"

नागपूरच्या गिरणीत कामगार भरणाऱ्या जॉबरने एकच विचारलं, हात चालतो का. आता पाळी, पगार, भाड्याची खोली, बायको, दोन मुलं, सगळं आहे. आमचं गाव कोणतं, असं मुलं विचारतात. मी अकोल्याकडचं, एवढंच सांगतो. माझ्यासारखे सुटून आलेले इथे बरेच आहेत. कोणी कोणाला गाव विचारत नाही. हुन्नर सगळ्यांना मिळाला; परत जायला जागा कोणालाच मिळाली नाही. गावाकडचं घर म्हणजे आता माझ्याशिवाय नीट चालणारी चार माणसं.

मी नागपूरला आल्यावर वर्षभरातच धाकटीचं जमल्याचं भावाने कळवलं होतं. बोलावणं नव्हतं. आहेर पाठवायचाच असेल तर माझं नाव नको, असं लिहिलं होतं. मी अकरा रुपयांची मनीऑर्डर केली. पैसे भावाला मिळाले. मागाहून कळलं, मांडवात ते आमच्या मामाच्या नावाने पुकारले गेले.