मोडका बांगडा

"दाढ दुखतेय गो," माझी शेजारीण म्हणाली आणि वाळवणाच्या जाळ्याशेजारी खाली बसली. हात जबड्याला, कपाळ घामाने डबडबलेलं. थोड्या वेळापूर्वी ओकली होती.

"कुठली दाढ?"

"ही डावी."

डाव्या बाजूला तिला एकही दाढ नव्हती. शेवटची काढली तेव्हा मीच सोबत गेले होते.

"ऊठ, दवाखान्यात चल."

"व्हय. एवढे बांगडे पलटून होऊंदे."

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. चाळीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी खारे बांगडे वाळवले. धड माल व्यापाऱ्याला. मोडका, मीठ जास्त झालेला तिच्या डब्यात. "मोडकं आपलं," म्हणायची. सकाळी पेजेबरोबर तो, दुपारी भाताबरोबर तो. रात्री ताज्या माशाच्या तुकड्या पुरुषांच्या ताटात आणि हिच्या ताटात परत तोच.

मी म्हणायचे, "अगो, तुझं लोणचं होईल."

"बरं हाय की. लोणचं टिकतं."

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी प्रेशर बघून मीठ कमी करायला सांगितलं. त्या दिवसापासून हिने भाकरीत मीठ घालणं सोडलं. बांगडा चालूच. विचारलं तर म्हणाली, "तो मासा हाय, मीठ न्हाय." मी हसण्यावारी नेलं. मीही तेच खात होते.

रिक्षात कोंबली तिला. हात गार पडलेले. वाटेत डोळे मिटायला लागली की मी चिमटा काढायची.

"चिमटे कसले काढतेस गो मेल्ये! दाढेसाठी कोण एवढं करतं? लोक हसतील."

"हसूंदेत."

तिची शिवी आली की मला बरं वाटायचं. मग ती शिव्या द्यायचीही थांबली. मी ड्रायव्हरच्या पाठीत बुक्की मारली.

दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून कागद काढला. "आजी, हे दाढेचं नाही, हृदयाचं आहे."

"छातीत तर काय न्हाय," ती पुटपुटली.

"बायकांना कधी कधी असंच होतं. जबडा दुखतो, पाठ दुखते, ओकारी येते. जेवणात काय असतं?"

"साधंच. पेज, भाकरी."

"आणि खारा बांगडा," मी मध्येच बोलले. "रोज. जन्मभर."

मी पोलिसात तिचं नाव सांगितल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली.

तिथून ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात. हृदयाची शीर तुंबली होती, ती मोकळी करायला आत नेलं. बाहेर मला बसवेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. वॉर्डातल्या बाईने दोनदा दटावलं. जिभेने स्वतःच्या दाढा एकेक चाचपत होते, कुठली दुखतेय का ते बघत. नर्सबाईंनी मीठ कमी सांगितलं तेव्हा हिला समजावायचं मला काय जड झालं होतं? तोंड होतं ना मला?

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत."

तिची मुलगी तिला हॉस्पिटलातूनच परस्पर उरणला घेऊन गेली. परत पाठवणार नाही म्हणते. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. कुणी तिथे जाळी पसरायला आलं की मी हाकलते.

ती फोनवर ओरडते, "तुझ्यामुळं मला अळणी गिळावं लागतं!"

ओरडूंदे. ती वाचली.